ठिपके कुठे गेले?

मेक्सिकोतल्या वेशोत्सिंको गावची १५६० सालची करदात्यांची नोंदवही आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिच्या छायाप्रतींवरून नावांची सूची करायचं काम माझ्याकडे होतं. पानापानावर पुरुषांची डोकी, प्रत्येकाशेजारी नाव सांगणारं एक छोटं चित्र आणि रोमन लिपीत तेच नाव. बाप्तिस्म्याचं स्पॅनिश नाव आधी, मग नावात्ल या तिथल्या भाषेतलं.

एका डोक्याशेजारी ससा होता. अक्षरांत ‘तोच्त्ली’, म्हणजे ससाच. मी ‘टोपणनाव, प्राणी’ असं लिहून पुढे गेले. पुढच्या पानांवर साप, फूल, चोच असलेला वाऱ्याचा मुखवटा, पुन्हा ससा. सगळे त्याच रकान्यात टाकले.

दुपारी वरिष्ठांनी सूची परत पाठवली. समासात एकच प्रश्न होता: ‘ठिपके कुठे गेले?’

मग डोक्यात उजेड पडला. नावात्ल पंचांगात वीस दिवसचिन्हं, मगर ते फूल, आणि एक ते तेरा अंक. दोन्ही चक्रं एकमेकांबरोबर फिरतात आणि २६० दिवसांनी पुन्हा सुरुवातीला येतात. जन्माचा दिवस हेच मुलाचं नाव. दिवस वाचणारा जाणकार, तोनालपौकी, तो सांगे. दिवस वाईट निघाला, तर नामकरण त्याच तेरा दिवसांतल्या एखाद्या बऱ्या दिवशी करत. चित्रात अंक ठिपक्यांनी दाखवायचा. दोन ठिपके आणि ससा म्हणजे ओमेतोच्त्ली, ‘दोन-ससा’. १५३९ मध्ये मूर्तिपूजेच्या आरोपावरून जाळलेल्या तेश्कोको नगरच्या डॉन कार्लोस या स्थानिक सरदाराचं नाव हेच होतं.

माझ्या पत्रिकेतही ‘ला’वरून एक नावरस नाव आहे, अश्विनीच्या चौथ्या चरणाचं. आजीशिवाय त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. पण आपल्याकडे नक्षत्रातून निदान अक्षर तरी येतं. इथे तर तो दिवसच माणसाचं नाव. आणि मी त्याला टोपणनाव म्हटलं होतं. मला फार वाईट वाटलं.

रात्रीपर्यंत सगळी पानं पुन्हा पाहिली. ससा, साप, फूल, वारा वारंवार येत होते, पण बहुतेकांशेजारी ठिपके नव्हते. माझ्या मते हे विसरणं नव्हे. फ्रान्सिस्कन पंथाचे ख्रिस्ती धर्मगुरू १५२४ मध्ये आले, वेशोत्सिंकोत त्यांचा मठ अगदी सुरुवातीलाच उभा राहिला, आणि दिवस मोजणं म्हणजे भविष्य सांगणं, असं ते मानत. अंक काढला की उरतो नुसता ससा, आणि सशावर कोण आक्षेप घेणार? गरुडाचं मात्र ठरवता येईना. तो दिवसही असतो आणि योद्ध्याची खूणही, म्हणून तिथे दोन्ही शक्यता लिहिल्या.

सूचीत ‘अंक’ असा नवा रकाना केला. अंदाजाने काही भरायचं नाही, हे ठरवलं होतं. पहिल्या सशापुढे तो रिकामा ठेवला. चाळिशी ओलांडलेला असेल, तर तो १५२१ च्या स्पॅनिश विजयापूर्वी जन्मलेला. एक-ससा ते तेरा-ससा, तेरांपैकी नेमका कुठला, ते त्याला ठाऊक असणार.