जिल्हा कोणता?

सावळद्याच्या पुलावर एसटी आली. शेजारच्या आजींनी तापीला हात जोडले. मी विचारलं, "आजी, तुमचा जिल्हा कोणता?"

"कोनताबी ऱ्हावो, आपन खान्देशना."

ते 'कोनताबी' दिवसभर डोक्यात घोळतंय. खान्देश नावाचा जिल्हा तर १९०६ सालीच दुभंगला: जळगावकडे पूर्व, धुळ्याकडे पश्चिम. १९६० नंतर जिल्ह्यांच्या नावातून 'खान्देश' गेलं. तेव्हाच उच्छल-निझरकडची गावं गुजरातेत गेली. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळं झालं. तापी मात्र सातपुड्याच्या पायथ्यानं वाहतेच आहे, वाटेत गिरणा, पांझरा पोटात घेत.

सरकारी कामासाठी जिल्ह्याचं ठिकाण जवळ हवंच, मान्य. पण अर्जावर कुठंच न उरलेलं ते नाव आजींच्या तोंडी किती सहज होतं!

तुमच्या घरी अजून काय म्हणतात, जिल्हा की खान्देश?