जोतं आणि चाकं

टेक्सासच्या जुन्या नकाशात हाय आयलंडहून सबीन पासला समुद्राच्या अगदी कडेकडेने जाणारा एक रस्ता आहे. आता तो नाही. दर वादळात लाटा त्याचा घास घेत होत्या, शेवटी १९८९ मध्ये सरकारने हात टेकले आणि रस्ता कायमचा बंद झाला. त्यामुळे ह्यूस्टनहून लुइझियानाच्या किनाऱ्यावर जायला आम्हाला आतून, विनी आणि पोर्ट आर्थरवरून वळसा पडला. भाड्याने घेतलेली पंचवीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, चालवायला नवरा, रस्ता सांगायला मी, मागे बारा वर्षांचा मुलगा आणि दिवेआगरहून तीन महिन्यांसाठी आलेली आई. २०२३ चा एप्रिल.

आईला गाडी पाहताक्षणी आवडली. दोन शेगड्या, मोरीएवढं न्हाणीघर, फ्रिज, आणि उशाशी खिडकी. सांडपाणी आणि संडासाच्या टाक्या आपल्यालाच नळी लावून रिकाम्या कराव्या लागतात, हे कळल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. संडासाच्या टाकीला इथे ‘ब्लॅक टँक’ म्हणतात. जावयाने हातमोजे चढवलेले पाहून ती म्हणाली, “सावरकरांनंतर काळं पाणी तुमच्याच नशिबी आलं म्हणायचं.” तो पुढचे तीन दिवस हे वाक्य फोनवर सगळ्यांना सांगत होता.

पोर्ट आर्थरचा मार्टिन ल्यूथर किंग पूल उंच आणि अरुंद. अकरा फूट उंचीच्या डब्याला आडवा वारा लागला की काय होतं ते तिथे कळलं. वर असताना कुणीच बोललं नाही. पुढे सबीन सरोवर ओलांडून लुइझियानात शिरलो आणि उजवीकडे, दलदलीच्या पलीकडे, पांढऱ्या अजस्र टाक्या दिसल्या. सबीन पासचा द्रवरूप वायूचा कारखाना. इथून करारानुसार भारतात गेलेला पहिला वायू ३० मार्च २०१८ रोजी दाभोळच्या बंदरात उतरला. हो, तेच दाभोळ. तिथे वीज प्रकल्प उभारणाऱ्या ज्या एन्रॉनच्या नावाने आपण कॉलेजात भांडलो, ती कंपनी होती आमच्या ह्यूस्टनची. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे हे आपलंच खाडीपलीकडचं गाव झालं की.”

तिथून पूर्वेला ८२ क्रमांकाचा रस्ता. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला पाणथळ. मधे जरा उंचवट्याच्या लांबट पट्ट्या आहेत, त्यांच्यावर ओकची झाडं. फ्रेंचमध्ये ओकला ‘शेन’ म्हणतात, त्यावरून या पट्ट्यांना ‘शेनिअर’ असं नाव पडलं. एप्रिलमध्ये मेक्सिकोचं आखात ओलांडून आलेले इवलेसे पक्षी थकून याच झाडांवर उतरतात. आम्ही पेव्हेटो वूड्स नावाच्या राईत थांबलो. लालभडक, पिवळे, निळे पक्षी हाताच्या अंतरावर, आणि त्यांच्या डोक्यावर निम्म्या फांद्या वाळलेल्या. मुलगा पक्षी मोजत होता, आई वाळलेल्या फांद्या.

तिला ते साहजिकच होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाडीतल्या पोफळी दुपारच्या दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. पुन्हा लावलेल्या पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, आणि आई सत्तरीच्या पुढे आहे. त्या वादळात वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. त्याच वर्षी २७ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर लॉरा वादळ याच किनाऱ्यावरच्या कॅमरन गावाजवळ जमिनीवर आलं, ते ताशी २४० किलोमीटरचा वारा घेऊन. वर समुद्राचं पाणी, काही ठिकाणी दोन पुरुषांहून उंच. जेमतेम सहा आठवडे झाले तोच ९ ऑक्टोबरला डेल्टा नावाचं दुसरं वादळ, तिथून जवळच.

मुक्काम हॉली बीचला होता. २००५ च्या रिटा वादळात हे गाव अक्षरशः पुसलं गेलं होतं. आता जी घरं आहेत ती खांबांवर, इतकी उंच की खाली ट्रक उभा राहील. घरांच्या मधे मोकळे चौथरे, आणि बऱ्याच चौथऱ्यांच्या शेजारी एकेक आरव्ही. मला वाटलं, आमच्यासारखेच सुट्टीवर आलेले. पण एकीला लाकडी ओटा ठोकलेला, एकीच्या दारात टपालपेटी, एकीला तुळशीवृंदावन असावं तशा जागी मेरीची मूर्ती.

शेजारच्या आरव्हीतल्या आजोबांनी संध्याकाळी कोळंबीची पिशवी आणून दिली. कोळंबी सोलण्यात आईचा हात धरणारं कुणी नाही, हे त्यांना दोन मिनिटांत कळलं आणि मग ते खुर्ची ओढून बसलेच. त्यांचं घर कॅमरनला. रिटाने नेलं, पुन्हा बांधलं, लॉराने नेलं. तिसऱ्यांदा बांधायचं तर नियमाप्रमाणे उंच खांबांवर, आणि विम्याचा हप्ता पेन्शनीपेक्षा मोठा. “म्हणून हे,” ते आपल्या गाडीवर थाप मारून म्हणाले. “हे घर मी सांगितलं की निघतं.” दरवर्षी १ जूनला वादळांचा हंगाम सुरू होतो. त्याआधी ते टायरची हवा बघतात, बॅटरी बघतात, कागदपत्रांची पेटी दाराजवळ आणून ठेवतात.

आईला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, “अगं, म्हणजे याची आगोट.” बरोबर होतं. आपणही मे संपता संपता कौलं बघतो, सरपण आत घेतो, मीठ-मिरची भरतो. फक्त आपली आगोट घरात बसण्यासाठी असते आणि यांची घर घेऊन पळण्यासाठी.

त्यांनीच लॉरानंतरच्या डासांची गोष्ट सांगितली. मला ती थाप वाटली होती, पण खरी निघाली: पाणी साचून इतके डास झाले की रक्त शोषलं जाऊन आणि पळून पळून गुरं मेली, शेकड्यांनी. त्या रात्री आईने कोळंबीची आमसूल घातलेली आमटी केली आणि डबा त्यांच्याकडे पाठवला. डबा सकाळी घासून आमच्या पायरीवर होता. रिकामा. आईला ते जरा खटकलंच.

दुसऱ्या दिवशी आरव्हीसकट फेरीबोटीत चढलो आणि कॅल्कशूची खाडी ओलांडून कॅमरनला उतरलो. धक्क्याजवळच वायूचा आणखी एक नवा कारखाना, भोवती तटबंदीसारखी भिंत. भिंतीबाहेर गाव. गाव म्हणजे काय, तर १९३७ चं काँक्रीटचं कोर्ट ताठ उभं. १९५७ च्या जूनमध्ये ऑड्री वादळ आलं तेव्हा सकाळी निघू म्हणून लोक झोपले होते, आणि पहाटे पाणी आलं. चारशेहून जास्त माणसं गेली. जी कोर्टात शिरली ती वाचली. लॉराच्या वेळी मात्र बहुतेक सगळे आधीच निघून गेले होते. तेवढं ऑड्रीने शिकवलं. २००० च्या जनगणनेत या परगण्यात दहा हजारांच्या घरात लोक होते, २०२० मध्ये साडेपाच हजारांच्या आसपास, आणि ही मोजणी लॉराच्या आधीची.

बाकी चौथरेच. एकाला तीन पायऱ्या होत्या, कठडाही होता. वर काही नाही. आई गाडीतून उतरून त्या पायऱ्या चढली, फरशीवर उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं. “हे स्वयंपाकघर,” नळाच्या कापलेल्या पाइपाकडे बोट दाखवून म्हणाली. “जोतं छान आहे. भेग नाही कुठे.” मी तिला परक्याच्या जागेतून खाली ये म्हणत होते. ती घाई न करता सगळ्या खोल्या फिरून आली.

क्रिओलहून उत्तरेला लेक चार्ल्सची वाट धरली. समोरून एक ट्रक आला, मागे आरव्ही ओढत. तिच्या छतावर खुर्च्या बांधलेल्या, मागच्या शिडीला एक सायकल लटकत होती.

“कुठे चाललेत?” आईने विचारलं.

“समुद्राकडे,” मुलगा म्हणाला.