वीस मिलिग्रॅम

समितीचा व्हॉट्सऍपवर मेसेज आला, अमृत महोत्सवी स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहून द्या, शब्दमर्यादा ५००. दोन शब्द म्हणायचं आणि वर ५०० ची मर्यादा घालायची हे फक्त आपल्याच कॉलेजला जमतं. तीनदा लिहायला बसलो, एकदा कॅन्टीनवर, एकदा गॅदरिंगवर, एकदा पावसात गळणाऱ्या आपल्या सायकल स्टँडवर, खरं तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या ओळीत सर आलेच. मग म्हटलं जाऊ दे, सरांवरच लिहितो, जास्त झालं तर संपादकांनी कात्री लावावी.

सरांचं नाव लिहीत नाही. ८५ ते ८८ च्या पोरांना "बॅलन्स रूमवाले सर" एवढं बास आहे, आणि सरांना नाव छापलेलं खपायचं नाही. आमच्यातल्या एकानं रिट्रीटच्या (म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराच्या) हँडबिलावर खाली "मार्गदर्शक" म्हणून त्यांचं नाव घातलं होतं, तर सरांनी आम्हाला बसवून २०० च्या २०० हँडबिलांवरचं नाव बॉलपेननं खोडायला लावलं. बोटं दुखून आली होती. तेव्हा आता मी परत छापलं तर वरून काय बघतील ते मला माहीत आहे.

मी खानापूरचा. सकाळच्या पॅसेंजरनं बेळगावला कॉलेजात यायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं जायचं, तेव्हा मीटरगेज होती आणि गाडी वेळेवर आली तर लोक घड्याळाकडे संशयानं बघायचे. घर ख्रिस्ती, म्हणजे रविवारी चर्च, नाताळला नवा शर्ट, रात्री जेवायच्या आधी आजी भजन म्हणणार आणि आम्ही डुलक्या काढणार. मला कुणी विचारलं असतं की तू ख्रिस्ती का, तर मी सांगितलं असतं, आमचं आडनावच तसं आहे. गुरुवारच्या प्रार्थनेच्या ग्रुपला पहिल्यांदा गेलो तो सुद्धा भक्ती वगैरे म्हणून नाही, गुरुवारी शेवटचा तास ऑफ असायचा, गाडीला दीड तास, बाहेर पाऊस, आणि आत काकूंच्या हातचं गिरमिट, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, असतं असं कळलं होतं म्हणून. (सरांच्या मिसेस. आम्ही मराठी पोरं काकू म्हणायचो, कन्नड पोरं अक्का.)

बसायचो बॅलन्स रूममध्येच. केमिस्ट्री लॅबच्या मागची ती चिंचोळी खोली, खिडक्या कायम बंद, पंखा लावायचा नाही कारण तराजूची पारडी हलतात, दगडी ओट्यावर ओळीनं काचेच्या पेट्यांतले तराजू. पावसाळ्यात पेटीतली सिलिका जेल दोन दिवसांत निळ्याची गुलाबी व्हायची, आणि आम्ही वाचन करत असताना सर ती ओव्हनमधून तापवून परत निळी करून आणायचे, कान आमच्याकडे. सर ग्रुप चालवत नव्हते बरं का. आमचा ग्रुप म्हणजे ई.यू., इव्हँजेलिकल युनियन, युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ह्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेचा, १९५४ पासूनचं काम आहे ते, आणि त्यांचा दंडकच असा की कॉलेजातला ग्रुप विद्यार्थ्यांनीच चालवायचा. अभ्यास आम्हीच तयार करायचा, चुकला तर चुकला. सर म्हणायचे मी फक्त किल्लीवाला. मार्कचं शुभवर्तमान घेतलं होतं, चारांत सगळ्यात लहान, १६ अध्याय, आम्हाला दीड वर्ष लागलं. कारण सरांनी लावून दिलेली पद्धत, आधी इथं काय लिहिलंय ते बघा, मग त्याचा अर्थ काय, मग मी उद्या सकाळी काय करणार. पहिल्या प्रश्नालाच आमचा अर्धा तास जायचा कारण आम्ही न वाचताच अर्थ सांगायला लागायचो, लहानपणापासून ऐकलेलं सगळं तोंडपाठ. आठव्या अध्यायात येशू शिष्यांना विचारतो की तुम्ही मला कोण म्हणता, तिथं तर आम्ही तीन गुरुवार अडकलो. मी उत्तर दिलं ते संडेस्कूलचं, सरांनी ओव्हनकडे बघतच विचारलं, हे तुझं का आजीचं?

त्या रात्री गाडीत मला झोप लागली नाही. तीच खरी सुरुवात.

सरांची मराठी हा वेगळाच विषय. घरी कन्नड, शिकले धारवाडला, मराठी शिकले ती मराठी बायबलातून. त्यामुळे कॅन्टीनमध्ये सुद्धा "मी तुम्हांस खचित सांगतो, ह्या चहात साखर नाही." कॅन्टीनचा मामा हात जोडायचा. खरं ह्याच माणसानं आम्हा मराठी म्हणवणाऱ्यांना विचारलं होतं की तुमच्या बेळगावात जन्मलेला मराठीतला पहिला कादंबरीकार कोण, आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. बाबा पदमनजी. १८३१ चा जन्म, यमुनापर्यटन १८५७ चं. सर म्हणाले तो पण तुमच्याच वयात, शिकत असतानाच प्रश्न विचारत विचारत ख्रिस्ताकडे आला, आणि १८५४ ला इथंच बेळगावात बाप्तिस्मा घेतला, घाई केली नाही. घाई न करण्यावर सरांचा भारी जोर. एक पोरगा यायला लागला, घरी गणपती बसणारा, आमचा दोस्त. सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं घरी सांगून आलास काय, तो नाही म्हणाला, तर त्याला चहा पाजला आणि परत पाठवला, घरी सांगून ये म्हणाले. पुढच्या गुरुवारी तो वडिलांनाच घेऊन आला. वडील अर्धा तास बसले, गिरमिट खाल्लं आणि म्हणाले, हे शिकवणीसारखंच आहे की.

८६ चा जून कुणी विसरलं नसेल. कन्नडसक्तीच्या विरोधात चळवळ, गोळीबार, माणसं गेली, संचारबंदी. माझ्या आतेभावाचं डोकं फुटलं होतं. कॉलेज सुरू झालं तेव्हा वर्गात बाक वेगळे झालेले, डबे वेगळे. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही पाच जण, त्यात एक गोकाकचा, पक्का कन्नड, मोठा आवाज, मन साफ. पहिल्या गुरुवारी मी ठरवून त्याच्यापासून लांब बसलो, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे उतारा मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्लिशमध्ये असा तीनदा वाचायची पद्धत होती. त्या दिवशी सरांनी माझ्या हातात कन्नड बायबल दिलं आणि त्याच्या हातात मराठी. मला कन्नड अक्षरं लावत लावत वाचावी लागायची, मी एका ओळीत चार वेळा पडलो, आणि तो "ती येशू आली" म्हणाला. आधी कोण हसलं आठवत नाही. सर हसले नाहीत, ते सिलिका जेल बघत होते.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते. त्याच वर्षी ऑगस्टात, मी सेकंड इयरला. मंगळवारचं प्रॅक्टिकल, ऑक्झॅलिक ऍसिड तोलून स्टँडर्ड सोल्युशन करायचं, ०.६३ ग्रॅम. वजनाच्या डब्यातली मिलिग्रॅमची वजनं म्हणजे पत्र्याचे पापुद्रे, एक कोपरा वर वळवलेला, ती चिमट्यानंच उचलायची हा पहिल्या दिवसाचा नियम. मी हातानं उचललं. वीस मिलिग्रॅमचं वजन बोटाला चिकटलं, मी झटकलं आणि गेलं. कुठं गेलं देव जाणे. डबा माझ्या नावावर इश्यू केलेला. मला काय सुचलं, खिशात चॉकलेटची चांदी होती, तिची घडी घातली, कात्रीनं कापली, कोपरा वळवला आणि २० च्या खाचेत ठेवून दिली. हुबेहूब. मला तर माझं कौतुक वाटलं.

गुरुवारी आम्ही पाच जण खोलीत शिरलो तर सर ओट्यापुढे जमिनीवर गुडघ्यावर. आम्ही समजलो सर प्रार्थना करालेत, लगेच आम्ही पण गुडघ्यावर, डोळे बंद, आणि गोकाकवाल्यानं मोठ्यानं "प्रार्थने माडोण" म्हणून सुरुवातच केली, देश, कॉलेज, आजारी लोक सगळं घेतलं. दोनेक मिनिटांनी ओट्याखालून सरांचा आवाज आला, "प्रार्थना नंतर करा रे, आधी वीस मिलिग्रॅम शोधा." दुसऱ्या एकानं विचारलं, "काय शोधालाय सर?" सर म्हणाले, "वजन. कुणाकडून तरी पडलंय." एवढंच. आम्ही सगळे टॉर्च घेऊन जमिनीवर, झुरळं निघाली, एक जुनं पेनाचं टोपण निघालं, वजन नाही. आणि मी सगळ्यात जास्त शोधत होतो, घाम येईपर्यंत, जे शोधून मिळणार नाही हे मला एकट्याला माहीत होतं असं मला वाटत होतं. नंतर वाचन झालं, सरांनी एक शब्द काढला नाही. नीतिसूत्रांत खोट्या वजनाबद्दल स्पष्ट लिहिलंय, ते वचन सर काढून वाचायला लावू शकले असते. लावलं नाही. ते माझं मलाच सापडलं, आठ दिवसांनी, सकाळी क्वायट टाइमला, म्हणजे एकट्यानं बायबल वाचायच्या वेळेला, आणि पुढचं वाचवेना.

दोन आठवडे काढले. मग एका गुरुवारी सर सायकल हातात धरून माझ्याबरोबर स्टेशनकडे चालत होते, तेव्हा मी बोललो. रडलो बिडलो पण. सर थोडा वेळ चालत राहिले, मग विचारलं, "ती चांदी चॉकलेटची काय सिगारेटची?" मी म्हटलं चॉकलेटची सर. "बरं," म्हणाले, "एकतीस भरली ती. मी तोलली." म्हणजे त्यांना गुरुवारीच माहीत होतं! मी म्हटलं सर मला माफ करा. ते म्हणाले, "माझी क्षमा आहे. देवाकडे मागितलीस ना, त्याची पण आहे. खरं त्या चौघांचं रीडिंग?"

मला कळलंच नाही आधी. मंगळवार ते गुरुवार तो डबा आणखी चौघांनी वापरला होता. ५०० अधिक १०० अधिक २० अधिक १०, प्रत्येकानं माझी चांदी पारड्यात ठेवली होती. ११ मिलिग्रॅमचा फरक, म्हणजे ०.६३ ग्रॅममध्ये पावणेदोन टक्के. त्यांची सोल्युशनं चुकली, टायट्रेशनं चुकली, जर्नलं चुकली, आणि त्यातली एक बिचारी आपलाच हात वाईट म्हणून तीनदा करून बसली होती. सर म्हणाले नवीन वजन मी मागवतो, स्टॉक रजिस्टरला काय लिहायचं ते बघतो, त्या चौघांकडे तू जा.

गेलो. एक हसला. एकानं शिवी दिली आणि मग चहा मागितला. एक निपाणीची होती, तिनं शांतपणे जर्नलची पानं माझ्यासमोर ठेवली, म्हणाली आता कॅल्क्युलेशन तूच परत कर, मी केलं, दोन रात्री. आणि जी तीनदा करून बसली होती ती माझ्याशी सेंड-ऑफपर्यंत बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. ती हे वाचत असेल तर परत एकदा सॉरी.

ह्याआधी मी ग्रुपच्या शिबिरात गाणी म्हणायचो, हात वर करायचो, साक्ष पण दिली होती एकदा माइकवर. ते खोटं होतं असं नाही म्हणत. खरं गुरुवार आणि मंगळवार हे एकाच आठवड्यात येतात हे मला त्या चौघांच्या दारात उभं राहून कळलं.

आज उद्यमबागेत माझी स्वतःची टेस्टिंग लॅब आहे. बेळगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग आमच्याकडे येतं, स्पेक्ट्रोमीटर आहे, एनएबीएल (लॅबसाठीची मान्यता) मिळालंय, १४ माणसं आहेत, सांगायचं कारण फुशारकी नाही (थोडी आहे). आमच्याकडची वजनं दर वर्षी कॅलिब्रेशनला जातात आणि सर्टिफिकेट आलं की पहिल्यांदा मी २० ची ओळ बघतो, पोरं हसतात. रिपोर्ट "जरा ऍडजस्ट करा की" म्हणणारी पार्टी महिन्याला एक तरी येते. दोन मोठ्या पार्ट्या गेल्या त्यावरून.

मागच्या महिन्यात समितीला फोटो द्यायला कॉलेजात आलो होतो. बॅलन्स रूमवर आता आय.क्यू.ए.सी. ची (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाची) पाटी आहे, आत एसी, आणि डिजिटल बॅलन्स लॅबमध्येच टेबलावर, आकडा आपोआप येतो. चांगलंच आहे. ग्रुप आहे अजून म्हणे, ऑनलाइन भरतो, पोरं हुशार आहेत, कीबोर्ड गिटार ड्रम सगळं आहे, खरं एकाला विचारलं उतारा किती भाषांत वाचता, तर तो म्हणाला अंकल, स्क्रीनवर इंग्लिश असतं. मला अंकल म्हणाला त्याचंही वाईट वाटलं. वचनं रोज सकाळी फुलांच्या फोटोवर फॉरवर्ड होतात, मला पण येतात, मी पण पाठवतो. ओव्हनसमोर उभं राहून "हे तुझं का आजीचं" विचारणारं त्यांना कोण आहे ते काही मला दिसलं नाही. असेल, मी एकच दिवस गेलो होतो.

सर २०२० मध्ये गेले. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी, त्यात घरचेच पंधरा-सोळा, म्हणून मी बेळगावच्या कॅम्प भागातल्या रस्त्यावर मास्क लावून उभा राहिलो. गोकाकवाला आता बळ्ळारीला असतो, व्हिडिओ कॉलवर होता, फोन मी भिंतीवरून धरला. त्यानं तिथूनच प्रार्थना केली, मराठीतून, लिंगवचन सगळं चुकत, आणि आवाज तेवढाच मोठा, आतल्या लोकांनी वळून बघितलं.

एक विनंती आणि थांबतो. डिपार्टमेंटच्या जुन्या कपाटात खालच्या खणात तो वजनाचा डबा अजून आहे, मी बघितला, मखमल उडालीय. सरांनी नवीन वजन मागवलं होतं ते त्यात आहे. महोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवणार असाल तर चिमटा पण शेजारी ठेवा, आणि कृपा करून कुणाला हातानं उचलू देऊ नका.