आमची वाटचाल: आधी व्होल्ट, मग अँपिअर, शेवटी किलोवॅट

आमची सुरुवात सोलरने झाली नाही. आम्ही दोघे भाऊ आणि एक मदतनीस, घरगुती इन्व्हर्टर-बॅटरीची कामं करायचो. बॅटरीत पाणी घालणं, जळालेले मॉसफेट (इन्व्हर्टरमधले स्विचिंगचे ट्रान्झिस्टर) बदलणं, रात्री-अपरात्री ‘लाइट गेली आणि इन्व्हर्टर पण बंद’ म्हणून आलेले फोन घेणं, हाच दिनक्रम. त्या धंद्यात क्षमता ठरवणं सोपं होतं. पंखे किती, दिवे किती, फ्रिज चालवायचा का, एवढं विचारायचं, बेरीज करायची आणि त्याच्या वरचा इन्व्हर्टर द्यायचा.

सोलरची कामं यायला लागली तेव्हा गिऱ्हाईक हाच हिशेब घेऊन आलं, आणि आजही येतं. ‘घराचा लोड चार किलोवॅट, म्हणजे इन्व्हर्टर चारचा आणि पॅनलही चारचे.’ ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेल्या सोलरमध्ये यातला पहिला आकडा बाजूलाच पडतो. घरात मिक्सर चाललाय की एसी, याच्याशी त्या इन्व्हर्टरला देणंघेणं नसतं. पॅनलकडून आलेली वीज तो पुढे ढकलतो. कमी पडली तर ग्रिडमधून येते, उरली तर ग्रिडमध्ये जाते. त्याची जोडी जमवायची ती पॅनलशी. आमच्या धंद्याची पुढची सगळी वाढ ही जोडी नीट जमवण्यातूनच झाली, असं म्हटलं तरी चालेल.

आम्ही शिरलो तो काळ २५० वॅटच्या पॅनलचा. ६० सेल, ओपन सर्किट व्होल्टेज (करंट घेतला जात नसतानाचं) ३७-३८ आणि करंट सव्वाआठ अँपिअरच्या आसपास. मग ७२ सेलचं ३२५-३३० वॅटचं पॅनल आलं. व्होल्टेज ४६च्या घरात गेलं, करंट मात्र नऊच्या आतबाहेरच राहिला. त्यामुळे स्ट्रिंगमधले, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या माळेतले, एक-दोन पॅनल कमी केले की तोच जुना इन्व्हर्टर चालून जायचा. खरी उलथापालथ झाली २०२१च्या सुमारास, १८२ मिलिमीटर वेफरचे (ज्या सिलिकॉनच्या चकतीपासून सेल बनतो तिचे) ५४०-५५० वॅटचे पॅनल आले तेव्हा. व्होल्टेज पन्नासच्या आसपास, म्हणजे फारसं वाढलेलं नाही. पण करंट एकदम १३ अँपिअर. आणि आमच्या रॅकवरच्या इन्व्हर्टरच्या लेबलवर छापलेलं: कमाल इनपुट करंट १२.५ अँपिअर. नुसते किलोवॅट बघणाऱ्याला यात काहीच वावगं दिसत नाही. पाचचे पॅनल, पाचचा इन्व्हर्टर, झालं काम.

तेव्हापासून आमच्याकडे कोटेशन बनवायचा क्रम ठरून गेला. आधी व्होल्ट तपासायचे, मग अँपिअर, आणि किलोवॅट सगळ्यात शेवटी. नवीन पोरगा कामाला आला की त्याला पहिला आठवडा साइटवर नेत नाही. पॅनलच्या मागचं लेबल आणि इन्व्हर्टरची डेटाशीट समोर ठेवून गणितं करायला बसवतो. काही जण कंटाळून सोडून जातात. जाऊ देत.

गिऱ्हाईक भांडतं मात्र किलोवॅटवरूनच, म्हणून आधी तेच सांगतो.

‘पॅनल सहा किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर पाचचा? मधला एक किलोवॅट कुणाच्या खिशात गेला?’ हे विचारणारे काका आयुष्यभर हिशेबतपासनीस होते. त्यांना गोल गोल उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून कागदच पुढे घेतला. ५४५ वॅटचे ११ पॅनल म्हणजे जवळजवळ ६ किलोवॅट. हा आकडा येतो कुठून? कारखान्यातल्या चाचणीतून. चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश असताना. छतावर भर उन्हात सेलचं तापमान २५ अंश कधी राहतं? हवा ३५ अंश असली तरी सेल ६०-६५पर्यंत जातो. पॅनलची ताकद दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. ४० अंश चढले, १४ टक्के गेले. सहाचे उरले ५.१६. धूळ, केबल, पॅनला-पॅनलमधला थोडाफार फरक यात पाच टक्के धरा, ४.९. इन्व्हर्टर डीसीचं एसी करताना तीनेक टक्के खातो, ४.७५. म्हणजे उन्हाच्या ऐन कडाक्यात पाचच्या इन्व्हर्टरमध्ये अजून पाव किलोवॅटची जागा रिकामीच आहे.

काका गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ‘आणि थंडीत?’ प्रश्न अगदी बरोबर होता. आकाश निरभ्र, हवा गार, वारा सुटलेला, अशा दिवशी सेल ३५ अंशांवर राहिला तर त्याच हिशेबाने एसी बाजूला ५.३ किलोवॅटची तयारी असते आणि इन्व्हर्टर पाचलाच थांबतो. ॲपमधला आलेख टेकडीचा माथा सपाट कापल्यासारखा दिसतो. याला क्लिपिंग म्हणतात. ते चालतं दुपारचा तास-दोन तास, आणि जातं जास्तीत जास्त अर्धं युनिट. त्याच दिवशी एकूण तीसेक युनिट तयार झालेले असतात. उलट सकाळी, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी तो अकरावा पॅनल वर्षभर कमावत राहतो.

मग ती जास्तीची वीज जळते कुठे, इन्व्हर्टर तापून उडणार नाही का, हे हमखास विचारलं जातं. जळत कुठेच नाही, कारण ती तयारच होत नाही. इन्व्हर्टर पॅनलला त्याच्या सर्वोत्तम बिंदूवरून थोडा बाजूला सरकवतो, व्होल्टेज वाढवून करंट कमी घेतो, आणि पॅनल नेहमीपेक्षा किंचित जास्त गरम राहतो, इतकंच. काकांनी शेवटी सहावर पाच घेतला. आलेखाचा स्क्रीनशॉट ते मला अजून पाठवतात, माथा कापला गेला की आवर्जून.

साधारण १.१ ते १.२५ पट पॅनल, हा आमचा पट्टा. अर्धे पॅनल पूर्वेकडे आणि अर्धे पश्चिमेकडे तोंड करून असतील तर १.३ किंवा थोडं वरही जातो, कारण दोन्ही बाजूंची दुपार एकाच वेळी होत नाही. धंद्यातले काही मित्र सरसकट दीडपट लावतात. इन्व्हर्टर बनवणाऱ्याची कमाल डीसी मर्यादा तेवढी असेल तर ते चुकीचं नाही. पण थंड आणि लख्ख प्रदेशात गिऱ्हाइकाला रोज सपाट माथा दिसतो आणि त्याचं समाधान करता करता आपण थकतो. ती डीसी मर्यादा ओलांडली तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं, त्यामुळे तिथे चर्चाच नाही.

किलोवॅट चुकले तर फार तर थोडे युनिट जातात. व्होल्ट चुकले तर इन्व्हर्टर जातो. आमच्याकडे आलेला एक फोन असा होता: दुसऱ्या कुणीतरी बसवलेली सिस्टिम, थंडीत सकाळी चालूच होत नाही, स्क्रीनवर ओव्हर-व्होल्टेजचा इशारा, आणि ऊन चढलं की आपोआप सुरू. घरचे म्हणत होते, थंडीने मशीन गारठतं. वर जाऊन पॅनल मोजले. एकाच स्ट्रिंगमध्ये १२. प्रत्येकाचं ओपन सर्किट व्होल्टेज ४९.८, म्हणजे एकूण ५९८. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ६००. कागदावर दोन व्होल्टनी पास! पण ४९.८ हा आकडाही त्याच २५ अंशांचा. तापमान उतरलं की व्होल्टेज चढतं, दर अंशाला सुमारे ०.२७ टक्का. पहाटे पाच अंश असतील तर २० अंशांचे ५.४ टक्के वाढले, झाले ६३०. उजाडल्यावर इन्व्हर्टर अजून करंट घेत नसतो, त्यामुळे अख्खं उघडं व्होल्टेज त्याच्या दारात उभं. पॅनल उन्हाने तापले की ते ६००च्या खाली येतं आणि मशीन सुरू होतं. तोवर आतल्या कपॅसिटरनी आणि स्विचिंगच्या भागांनी काय सोसलं ते त्यांनाच माहीत. शिवाय इन्व्हर्टर स्वतःच्या मेमरीत ही नोंद ठेवतो, म्हणजे वॉरंटीसाठी पाठवला की पहिलं तेच बाहेर येणार.

गंमत म्हणजे त्या इन्व्हर्टरचा दुसरा एमपीपीटी, म्हणजे स्ट्रिंग जोडून तिच्यातून जास्तीत जास्त वीज काढणारा इनपुट, मोकळा पडला होता. एक जादा केबल ओढायची वाचवलेली. आम्ही बाराचे सहा-सहा केले. प्रत्येक स्ट्रिंग ३०० व्होल्टची, कडाक्याच्या थंडीतही ३१५. सामान लागलं थोडी डीसी केबल आणि कनेक्टरची एक जोडी. त्या गल्लीतली पुढची बरीच कामं आम्हाला मिळाली.

खालच्या टोकाला उलटं होतं. छताच्या दुसऱ्या उतारावर चारच पॅनल बसतात, तर लावा वेगळी स्ट्रिंग, असं सहज म्हटलं जातं. चालू स्थितीत एका पॅनलचे ४२ व्होल्ट धरले तर चारचे १६८. सेल ६५ अंशांवर गेला की ते १४५च्या खाली. इन्व्हर्टरच्या एमपीपीटीचा व्होल्टेज पट्टा १५०पासून असेल तर ऐन उन्हाळ्यात, जेव्हा कमाई व्हायची तेव्हाच, तो पट्ट्याबाहेर. अशा वेळी आम्ही कमी व्होल्टवर चालणारा इन्व्हर्टर शोधतो, नाहीतर ते चार पॅनल लावूच नका असं सांगतो. नाही म्हणणाऱ्या दुकानदारावर लोक लवकर विश्वास ठेवतात, हा अनुभव आहे.

अँपिअरचं बघताना डेटाशीटवर दोन आकडे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक कमाल चालू करंट. पॅनल १३.१ देतो आणि इन्व्हर्टर १२.५ घेतो, तर वरचं तो घेत नाही; भर दुपारी चार-पाच टक्के कमी मिळतात, बिघडत काही नाही. दुसरा कमाल शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे दोन्ही टोकं थेट जोडली तर पॅनल देईल तो. हा मात्र दगडावरची रेघ. पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट १४ असेल तर आम्ही त्याच्या सव्वापट, म्हणजे साडेसतरा धरतो. ढगाच्या कडेवरून ऊन पडलं की काही क्षण प्रकाश १०००च्या वर जातो, आणि दुतर्फी (दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारे) पॅनल असतील तर पाठीमागूनही करंट मिळतो. एका इनपुटवर दोन स्ट्रिंग समांतर जोडायच्या असतील तर हे सगळं दुप्पट. २१० मिलिमीटर वेफरच्या पॅनलांचा करंट १७-१८ अँपिअरपर्यंत जातो. ते आम्ही इन्व्हर्टर हातात आल्याशिवाय कोटेशनमध्ये लिहीतच नाही.

इन्व्हर्टर कुठे टांगायचा यावर फार लिहीत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन खात राहिला तर आतलं तापमान वाढून तो स्वतःच क्षमता उतरवतो. मग पाचचा घेतला काय आणि चारचा घेतला काय. सावली आणि भोवती मोकळी हवा, एवढं पुरतं.

अलीकडे निम्मी चौकशी हायब्रिडची, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हींशी जोडलेल्या इन्व्हर्टरची असते, आणि तिथे आमचा जुना इन्व्हर्टर-बॅटरीचा धंदा कामी येतो. ग्रिड गेल्यावर घर त्याच इन्व्हर्टरवर चालणार, म्हणून इथे लोड परत हिशेबात येतो. पंपाची मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट खेचते, तो धक्का पेलला पाहिजे. पण पॅनलची जोडी जमवायची गणितं तीच, फक्त एक सूट मिळते: एसी बाजू भरली तरी जास्तीचं डीसी थेट बॅटरीत जाऊ शकतं, त्यामुळे पॅनल जास्त लावायला वाव असतो. घराचा लोड बघून आठचा इन्व्हर्टर आणि छत बघून चारचे पॅनल, अशी जोडीही आम्ही लावलेली आहे, आणि ती योग्य आहे.

‘आता तीनचे पॅनल लावा, इन्व्हर्टर पाचचा घ्या, पुढे वाढवू’ हे मात्र आम्ही जरा अडवून धरतो. चालत नाही असं नाही. व्होल्टेज पट्ट्यात बसलं तर चालतं, कमी भारावर कार्यक्षमता थोडी घसरते, बस. अडचण पुढची आहे. चार-पाच वर्षांनी तोच पॅनल बाजारात मिळत नाही. नऊ अँपिअरच्या स्ट्रिंगमध्ये तेरा अँपिअरचा पॅनल घातला तर अख्खी स्ट्रिंग नऊवरच चालते. म्हणून वाढवायचा विचार असेल तर दुसरा एमपीपीटी पहिल्या दिवसापासून मोकळा ठेवतो, छतापासून खालपर्यंत रिकामा पाइप टाकून ठेवतो, आणि त्या एमपीपीटीची करंट-मर्यादा आजच्या नव्हे, पुढच्या पॅनलच्या अंदाजाने बघतो.

आता कोटेशनसोबत एक पानी हिशेब जातो: त्या भागातल्या सर्वांत थंड पहाटेचं स्ट्रिंग व्होल्टेज, सर्वांत गरम दुपारचं, शॉर्ट सर्किट करंट, आणि शेवटी पॅनल-इन्व्हर्टरचं गुणोत्तर. बहुतेक लोक ते पान वाचत नाहीत. काही जण तेच पान घेऊन दुसऱ्या दुकानात भाव करायला जातात, हेही आम्हाला माहीत आहे. परवा असंच आमचं पान शेजारच्या दुकानदाराकडून फिरून परत आलं. त्याने स्ट्रिंगमध्ये एक पॅनल वाढवून पेनाने दुरुस्ती केली होती, थंड पहाटेचा आकडा मात्र आमचाच ठेवला होता. गिऱ्हाइकाने विचारलं, ‘पॅनल वाढला तर हा आकडा का नाही वाढला?’