ट्रेनी म्हणून केलेल्या नोकरीची ग्रॅच्युइटी मिळवताना : माझा अनुभव

मोटारींचा आमचा कारखाना बंद झाला आणि अंतिम हिशेबाचा कागद हाती आला, तेव्हा त्यावर माझ्या नोकरीची सुरुवात चार वर्षे उशिराची दाखवलेली होती. त्या चार वर्षांत मी ट्रेनी होतो आणि ट्रेनीला ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मालकाने द्यायची रक्कम, लागू होत नाही, असे कारण मला सांगण्यात आले. ती वर्षे अखेर माझ्या नावावर धरली गेली. परंतु ज्या कामाची प्रत्येक नोंद कंपनीच्याच दप्तरात होती, ते काम मी केले होते हे मला सिद्ध करावे लागले, याचा राग अजून ओसरलेला नाही. असाच कागद ज्यांच्या हाती येईल त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

कारखाना बंद करण्याची परवानगी, त्यावरील सुनावणी आणि नुकसानभरपाईची बोलणी हे सर्व संघटनेने सांभाळले. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे मोठा कारखाना बंद करण्यापूर्वी मालकाला किमान नव्वद दिवस आधी सरकारकडे अर्ज करावा लागे आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागे. संघटनेने बोलणी करून त्याहून चांगली रक्कम मिळवली. त्या बैठकांमध्ये मजुरीचा खर्च परवडत नाही हे वाक्य वारंवार ऐकू आले. मारुती सुझुकीसारख्या मोठ्या कंपनीच्या वार्षिक हिशेबात कर्मचाऱ्यांवरचा खर्च विक्रीच्या जेमतेम चार-पाच टक्के असतो आणि सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम कच्च्या मालावर व सुट्या भागांवर जाते. गाडी खपत नसेल, कारखान्याची निम्मी क्षमता रिकामी राहत असेल, तर पगार कापून तो कारखाना तगत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. तरीही बचतीसाठी पहिला हात लागतो तो कामगारालाच, आणि तो कारखाना बंद होताना नव्हे, तर भरतीच्या दिवशी लागतो. टेम्पररी कामगाराला सात महिन्यांनी ब्रेक द्यायचा म्हणजे वर्षाची सलग सेवा धरण्यासाठी लागणारे २४० दिवस भरत नाहीत. मुलाला ट्रेनी म्हणायचे म्हणजे सेवा मोजावी लागत नाही. माझी चार वर्षे या दुसऱ्या प्रकारात गेली होती.

भविष्य निर्वाह निधीची (फंडाची) रक्कम मला फारशी अडचण न येता मिळाली. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नव्हती, ती शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः भरता येते आणि मी ती भरली.

अडले ते ग्रॅच्युइटीपाशी. तेव्हा लागू असलेल्या ग्रॅच्युइटी कायदा, १९७२ प्रमाणे शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला सव्वीसने भागून, पंधराने गुणून, सेवेच्या वर्षांनी गुणायचे असे; म्हणजे ही बेरीज महिना २६,००० रुपये असेल तर प्रत्येक वर्षाचे १५,००० रुपये होतात आणि चार वर्षांचे ६०,०००. ज्याची नोकरी गेली आहे आणि ज्याच्या मुलांचे शिक्षण चालू आहे, त्याला ही रक्कम सोडून देणे शक्य नसते. मी प्रथम नमुना ‘आय’ मध्ये कंपनीकडे पूर्ण सेवेची मागणी केली. कंपनीला पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागे आणि मागणी नाकारायची असल्यास नमुना ‘एम’ मध्ये कारण नोंदवावे लागे. उत्तर आले नाही. म्हणून मी नियंत्रण प्राधिकाऱ्यांकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या वादांचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, नमुना ‘एन’ मध्ये अर्ज दाखल केला. आमच्या भागात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहत होते. या अर्जाला नव्वद दिवसांची मुदत असते. सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो, परंतु त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळा युक्तिवाद करावा लागतो, म्हणून मुदतीतच अर्ज करावा.

यानंतर प्रकरण जे थांबले ते थांबलेच. कंपनीच्या वकिलांनी कैफियत (लेखी उत्तर) देण्यासाठी तारीख मागितली, मग पुन्हा मागितली. नंतर कारखाना बंद असल्यामुळे जुने मस्टर (हजेरीपट) सापडत नाही असे सांगितले. त्यानंतर ज्या अधिकाऱ्याला माहिती होती तो नोकरी सोडून गेला असे सांगितले. कैफियत आली तेव्हा तिच्यात एकच मुद्दा होता : अर्जदार शिकाऊ उमेदवार होता आणि ग्रॅच्युइटी कायद्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून शिकाऊ उमेदवार वगळलेला आहे. व्याख्येबद्दल त्यांचे म्हणणे खरे होते. प्रश्न होता तो मी शिकाऊ उमेदवार होतो की नाही, हा. ज्या माणसाने असेंब्ली लाइनवर तिन्ही शिफ्टमध्ये पूर्ण उत्पादन काढले, ज्याच्या जागी तो गैरहजर असला की परमनंट कामगार उभा करावा लागे, त्याला कारखाना बंद झाल्यावर तू शिकत होतास असे सांगितले जाते, तेव्हा पैशाइतकाच अपमानही बोचतो.

शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली उमेदवारी असेल तर तिचा लेखी करार होतो आणि तो नोंदवलेला असतो. असा करार दाखवा, ही मुख्य मागणी आम्ही अर्जाद्वारे केली. ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम ७(५) प्रमाणे प्राधिकाऱ्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे हजर करायला लावण्याचे अधिकार आहेत. मस्टर, पगारपत्रके आणि उमेदवारीचा करार हजर करण्याचा आदेश मिळावा, असा हा अर्ज होता. ज्यांचे प्रकरण चालू आहे त्यांनी तो पहिल्या तारखेलाच द्यावा असे माझे ठाम मत आहे, कारण कागद ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो लपवला तर निष्कर्ष त्याच्या विरुद्ध काढता येतो, आणि तोपर्यंत पुराव्याचे सगळे ओझे विनाकारण कामगाराच्या डोक्यावर राहते.

तरीही केवळ त्यावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटले. माझ्याकडे त्या काळातील गेट पास आणि काही पगाराच्या स्लिपा होत्या. स्लिपांवर फंडाची कपात दिसत होती आणि सर्व काही याच मुद्द्यावर फिरले, कारण शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवाराला भविष्य निर्वाह निधी लागूच होत नाही. कंपनीने माझा फंड कापून भरला असेल तर तिने मला तेव्हाच कर्मचारी मानले होते. वकिलांनी स्लिपा खऱ्या नाहीत असा आक्षेप घेतला. तेव्हा फंडाच्या कार्यालयातील मूळ नोंद आणणे भाग पडले. ती वर्षे २०१२ च्या आधीची होती. त्या काळी मालक प्रत्येक सदस्याचे वार्षिक वर्गणी पत्रक नमुना ‘३-ए’ मध्ये भरत असे आणि ते कागदावर असे; फंडाचा सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) २०१४ मध्ये आला आणि माझ्या ऑनलाइन पासबुकात ही जुनी वर्षे नव्हतीच. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून मी स्वतःच्या जुन्या खाते क्रमांकासह ‘३-ए’ च्या प्रमाणित प्रती मागितल्या. अर्जात ‘माझ्या फंडाची माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. नमुन्याचे नाव, आर्थिक वर्ष आणि खाते क्रमांक लिहावा, म्हणजे अर्ज परत येण्यास वाव राहत नाही. जुने दप्तर शोधायला वेळ लागला, आणि त्या काळात इकडे कंपनीचे वकील अर्जदाराकडे पुरावा नाही असे प्रत्येक तारखेला नोंदवून घेत होते.

प्रती आल्या. त्यांच्यावर माझे नाव होते, वडिलांचे नाव होते, महिन्यागणिक वेतन आणि वर्गणी होती, आणि खाली कंपनीच्याच अधिकाऱ्याची सही व शिक्का होता. उलटतपासणीत कंपनीच्या साक्षीदाराला ही सही कोणाची असे विचारले, तेव्हा त्याला ती ओळखावी लागली. उमेदवारीचा करार त्यांनी शेवटपर्यंत हजर केला नाही. निकाल माझ्या बाजूने लागला आणि उरलेली रक्कम देय तारखेपासून दहा टक्के सरळ व्याजाने देण्याचा आदेश झाला. वाचताना मला जो आनंद झाला त्यात व्याजाचा वाटा लहान होता. त्या चार वर्षांत मी कामगार होतो, असे त्यात स्पष्ट लिहिले होते.

मालकाला साठ दिवसांत अपील करता येते, परंतु त्यासाठी आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते, त्यामुळे निव्वळ वेळ काढण्यासाठी अपील सहसा परवडत नाही. आमच्याकडे ते झाले नाही. रक्कम दिलीच नाही तर कलम ८ खाली वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, हेही माहीत असू द्यावे.

आधी सांगायला हवी होती अशी एक गोष्ट राहिली. अंतिम हिशेबाच्या पावतीवर ‘यापुढे कोणताही दावा राहिलेला नाही’ असे छापलेले असते. मी सही करताना सेवेच्या तारखेबाबत हक्क राखून रक्कम स्वीकारत असल्याचे स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि त्याची प्रत घेतली होती. कलम १४ प्रमाणे ग्रॅच्युइटीचा कायदा कोणत्याही करारापेक्षा वरचढ आहे, त्यामुळे नुसत्या सहीने हक्क जात नाही. मात्र ती ओळ लिहिलेली असली की त्यावर वाद घालण्यात तारखा जात नाहीत. संघटनांनाही माझी विनंती आहे की, भरपाईच्या करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक सभासदाची रुजू होण्याची तारीख तपासून ती यादी कराराला जोडून घ्यावी. आमच्या करारात रकमेवर पुष्कळ चर्चा झाली आणि तारखांवर झाली नाही.

माझे प्रकरण १९७२ च्या कायद्याखालचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून तिच्यात मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिलेला आहे. आता अर्ज करणाऱ्यांनी नमुन्यांची नावे आणि कलमांचे क्रमांक नव्या संहितेप्रमाणे पाहून घ्यावेत. फंडाची जुनी पत्रके मात्र आजच मागवून ठेवावीत, कारखाना चालू असला तरी.