तुम्ही विचारलंत म्हणून: बुधवारच्या बाजारातला माईक

तर प्रश्न असा, की बाजारात उभं राहून येशूची सुवार्ता सांगितली तर खरंच कोणी ऐकतं का, ऐकत असेल तर कुठल्या पद्धतीने, आणि मग तुम्ही माईक खाली का ठेवलात. हे तीन प्रश्न आहेत पण लोक एका दमात विचारतात. लग्नात विचारतात, मयतीला विचारतात, परवा एकाने दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो तिथे विचारलं. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तरुण पोरं विचारतात तेव्हा त्यांना पद्धत हवी असते. ऑफिसातले विचारतात तेव्हा त्याच्या पोटात चौथा प्रश्न असतो, किती मिळायचे. तो आधी उरकतो. काही मिळायचं नाही. पेट्रोल माझं, ढोलकीवाल्याचा चहा माझा, वाटायच्या छापील वचनांच्या पत्रिका मंडळीच्या वर्गणीतून आणि आहुजाचा अँप्लिफायर मी माझ्या पहिल्या बोनसमधून सेकंडहँड घेतलेला. तांदळासाठी ख्रिस्ती झाले असं लोक म्हणतात ना, तर तांदूळ आमच्या घरात यायचा तो रेशनचा, आणि तोही कधी यायचा कधी नाही. झालं? पुढे जाऊ.

अकरा वर्षं, दर बुधवारी, तालुक्याच्या आठवडी बाजारात. पावसाळ्यातले काही बुधवार सोडले तर खाडा नाही. सुरुवातीला मी नुसता ओरडायचो. पापाचं वेतन मरण, तारण, न्यायाचा दिवस, सगळं एका श्वासात, आणि घसा बसला की वाटायचं आज काम झालं. कुठे उभं राहायचं हे कळायलाच दोन वर्षं गेली. भाजीच्या ओळीत उभं राहू नये, तिथे बाई मेथीच्या जुडीवरून भांडत असते, तिच्या कानात तारण शिरत नाही. पाठीमागे भिंत पाहिजे, नाहीतर आवाज मागच्या मागे उडून जातो. ऊन आपण आपल्या तोंडावर घ्यायचं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात गेलं की तो सरकतो. सकाळी कोणी थांबत नाही. चारच्या पुढे पिशव्या भरलेल्या असतात आणि एसटीला वेळ असतो, तो आपला टाइम. आणि पत्रिका आधी वाटायच्या नाहीत, कारण कागद हातात आला की माणसाला वाटतं आपण देणं चुकतं केलं, तो चालू लागतो. त्यातल्या निम्म्या भेळवाल्याकडे पोचायच्या. मी स्वतः एकदा योहान ३:१६ मधून ओली भेळ खाल्लीय, वचनावर चिंचेचं पाणी सांडलेलं. चिडलो नाही, म्हटलं निदान कोणी तरी जवळ धरून ठेवलंय.

पोरांना आवडेल अशी एक पद्धत सांगतो. एका शिबिरात बोर्डावर रंगाने अर्धवट अक्षरं काढत बोलायचं असं शिकवलं होतं, परदेशात करतात म्हणे, अक्षर पुरं होईपर्यंत लोक हलत नाहीत. इंग्रजी अक्षरांना ते जमतं, आपल्याकडे काय करायचं? मी नुसत्या उभ्या काठ्या आणि गोल काढायचो, काना, दांडा सगळं सुटं सुटं, लोकांना वाटायचं हिशेब चाललाय, आणि बोलणं संपताना वरून एकच शिरोरेघ ओढायची. रेघ ओढली की 'क्षमा' दिसायचं. त्या रेघेसाठी माणसं एसटी चुकवायची, खोटं नाही सांगत. पण घरी जाताना त्यांच्या डोक्यात रेघ असायची का क्षमा, ते मला कधी कळलं नाही.

ढोलकी, पेटी, झांजा असल्या की गर्दी हमखास. यात आमचं काही नवीन नाही, नगरला कृष्णराव सांगळे एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन करायचे, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग तर आम्ही दुधाबरोबर प्यायलोय. पण शिबिरात यांची नावं शेवटी, चहाच्या आधी. सुरुवात इंग्लंडात उघड्यावर उपदेश करणाऱ्या व्हिटफील्डने. १७३९, ब्रिस्टलजवळचं किंग्जवूड, कोळशाच्या खाणीतले मजूर, आणि त्यांच्या काळ्या गालांवरून आसवांचे पांढरे ओघळ. मग त्याच सालचा त्याचा सोबती वेस्ली, ज्याला आधी चर्चच्या बाहेर उघड्यावर बोलायचं म्हणजे कमीपणा वाटायचा. मला ते ओघळ फार आवडायचे, मी अकरा वर्षं वाट बघितली. आमच्या बाजारात कोणाच्या डोळ्यातून पाणी आलं तर ते मिरचीच्या ओळीत.

मला त्यातल्या त्यात पटायचे मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचे, टकरसाहेब. आयसीएसची नोकरी सोडून १८८२ ला मुंबईत उतरले, पागोटं घालून, फकीरसिंग नाव घेऊन, आणि वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून पोलिसांनी धरलं. आम्हाला धरलं नाही कधी, पण परवानगीच्या अर्जावर दर वेळी तोच प्रश्न, भजन आहे का भाषण? मी घटनेतलं धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ सांगायचो. एक जमादार माझ्यापेक्षा हुशार निघाला, म्हणाला १९७७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पण वाचा की, प्रचार करायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात धरलेला नाही. मी म्हटलं साहेब, अकरा वर्षांत माझ्याच्याने कोणाचं होत नाहीये, तुम्ही निर्धास्त सही करा. त्याने हसून केली.

आता साक्ष. खरी पद्धत हीच, बाकी सगळी सजावट. बायबल उघडून वाचायला लागलं की लोक सरकतात, 'माझ्या घरात असं झालं' म्हटलं की थांबतात. शिबिरात तीन मिनिटांची साक्ष घोटून घेतात, आधी कसे होतो, काय घडलं, आता कसे आहोत. माझ्या स्वतःच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. चोरी नाही, दारू नाही, बारावीला एकदा नापास. मग मी अण्णांची साक्ष सांगायला लागलो.

अण्णा, माझे वडील, साखर कारखान्यात वॉचमन होते आणि प्यायचे. हे आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत, पण तालुक्याच्या बाजारात कोणाला माहीत नव्हतं. मी सांगायचो की पगाराच्या दिवशी आई मला गेटवर पाठवायची, मी त्यांना हाताला धरून आणायचो, आणि एकदा त्यांनी पिठाची परात अंगणात भिरकावली आणि आई अंधारात हाताने पीठ गोळा करत बसली. मग एका रात्री त्यांनी प्रभूचं नाव घेतलं आणि बाटली फोडली. इतकंच, तीन मिनिटं. पुढे पुढे मी त्यात त्यांची चाल पण घातली. दोन पावलं पुढे, एक मागे, एक हात पायजम्याच्या नाडीवर. लोक हसायचे. हसले की परातीपाशी एकदम गप्प व्हायचे. कुठे हसवायचं आणि कुठे दाबायचं हे मला इतकं पाठ झालं होतं की सांगताना मी मनातल्या मनात घरी न्यायच्या भाजीची यादी करू शकायचो.

पोळ्याच्या आदला बुधवार होता. झुली, गोंडे, घुंगरं, शिंगांचे रंग, बाजार नुसता फुललेला. अण्णा सहसा बुधवारी गावात यायचे नाहीत, त्या दिवशी चष्म्याची काडी मोडली म्हणून आले होते. चष्मा दुकानात दिलेला, त्याशिवाय त्यांना दहा फुटांपलीकडचं धड दिसायचं नाही. ते आवाजावर आले. पोराचा आवाज आहे म्हणून कौतुकाने आले असणार, त्याआधी कधी त्यांनी मला ऐकलं नव्हतं.

मी चाल करून दाखवत होतो तेव्हा ते पत्र्याच्या ट्रंका विकणाऱ्याच्या शेजारी उभे दिसले. टोपी हातात. त्यांच्या बाजूचा माणूस इतका हसत होता की हसता हसता त्याने अण्णांच्या खांद्यावर हात टाकला, आपण अनोळखी माणसाच्या टाकतो ना गर्दीत, तसा. आणि अण्णा पण थोडेसे हसले. त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसं.

मी थांबलो नाही. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागलेत. थांबता आलं असतं, गाणं सुरू करा म्हणून ढोलकीवाल्याला खूण केली असती तरी चाललं असतं. मी परातीपर्यंत गेलो, बाटली फोडली, सगळं केलं, उलट जरा जास्तच चांगलं केलं. गर्दी त्या वर्षातली सगळ्यात मोठी. मी डायरी ठेवायचो तेव्हा, किती पत्रिका, मार्काच्या शुभवर्तमानाच्या किती प्रती, किती जणांनी थांबून प्रश्न विचारला. त्या रात्री मी लिहिलंय, पत्रिका २१०, मार्क ९, प्रश्न ५, आणि पुढे 'उत्तम'. डायरी अजून आहे. 'उत्तम'च्या खाली रेघ पण मारलेली आहे.

घरी आलो तर अण्णा जेवून झोपलेले. काडी बसवलेला चष्मा खिडकीत. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी काही नाही. शनिवारी मी गाडी धूत होतो, ते ओट्यावर लसूण सोलत बसले होते, वर न बघता म्हणाले, पंधरा वर्षं झाली मला सोडून. तू मात्र दर बुधवारी पाजतोस.

मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो अण्णा, त्यातून लोकांना आशा मिळते. ते म्हणाले, मग मिळू दे. आणि लसणाची सालं पंच्यात गोळा करून उठून गेले. नंतर सात वर्षं जगले, हा विषय पुन्हा एकदाही काढला नाही. मीही काढला नाही.

अजून एक गोष्ट आहे जी मी शिबिरात कधी सांगितली नाही. एका रात्रीत काही झालं नव्हतं. त्यांना दोन वर्षं लागली. तीनदा सोडली, तीनदा धरली, मध्ये कारखान्यात काढून टाकायची धमकी मिळाली, आईने पगार परस्पर घ्यायला सुरुवात केली, पाळकसाहेब रोज संध्याकाळी येऊन नुसते पत्ते खेळत बसायचे, कारण प्यायची वेळ तीच. बाटली कोणी फोडली नाही, आईने ती भंगारवाल्याला विकली. पण बाजारात दोन वर्षं सांगायला वेळ कुठे असतो? आणि पत्ते खेळणारा पाळक माईकवर कसा सांगायचा?

तेव्हाचा मी असता तर आता माझ्याशी भांडला असता. म्हणाला असता, कोणी सांगितलंच नाही तर लोक ऐकणार कसे, रोमकरांस पत्रात पौलाने काय विचारलंय? बरोबर आहे. मी त्याला टिळकांचं सांगितलं असतं, की आपल्या मराठी मंडळीतलं सगळ्यात मोठं नाव, ते काही बाजारातलं भाषण ऐकून आलेलं नाही, राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी साहेबाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला, आणि १८९५ ला बाप्तिस्मा. एकाने एकाशी, बसून. त्यावर तो म्हणाला असता, टिळक शिकलेले होते, पुस्तक दिलं तर वाचणारे होते, तुझ्या पणज्याचं काय? आणि इथे माझी बोलती बंद. कारण आमच्या घरात सांगतात की पणजोबांनी पहिल्यांदा ऐकलं ते उघड्यावरच, हिवाळ्यात मिशनसाहेबांचा तंबू गावाबाहेर पडायचा तेव्हा. देवळातलं कीर्तन त्यांना भिंतीबाहेरून ऐकावं लागायचं, आणि या तंबूपुढे सतरंजीवर बसा म्हणाले. त्यांना शिकवण पटली का सतरंजी, देव जाणे. पण ते उघड्यावर होतं, सगळ्यांसाठी होतं. चार भिंतींत असतं तर पणजोबा आत गेलेच नसते.

म्हणजे उघड्यावर सांगू नये असं मी म्हणत नाहीये. तसं म्हटलं की पाळकसाहेब नाराज होतात आणि ऑफिसातले खूश होतात, मला दोन्ही नकोय. मी फक्त माईक ठेवला. आता बुधवारी जातो, त्याच भिंतीपाशी स्टूल टाकून बसतो, चार मार्क मांडीवर. कोणी विचारलं तर बोलतो. बहुतेक जण एसटी कधी आहे ते विचारतात, मला सगळ्या गाड्यांचा टाइम पाठ झालाय. डायरी लिहीत नाही, लिहिली असती तर प्रश्नांच्या खान्यात मागच्या महिन्यात दोन. त्यातला एक म्हातारा, त्याने विचारलं की तुमचा येशू जेवला का कधी कोणाकडे, मी जक्कयाचं सांगितलं, जकातदाराकडे स्वतःहून पाहुणा म्हणून गेला होता म्हणून. तो म्हणाला, मग ठीक आहे, आणि गेला. यातून काय घ्यायचं मला माहीत नाही. पद्धत म्हणून शिबिरात शिकवण्यासारखं तर नक्कीच नाही.

पोरं म्हणतात, दादा, ती अण्णांची साक्ष परत सांगा ना, आता तर अण्णा नाहीत, आता काय हरकत? मी नाहीच म्हणतो. आणि आत्ता वर बघतोय तर सगळी सांगून मोकळा झालोय, चालीसकट, नाडीवरच्या हातासकट. हे पुसावं का म्हणून दोन तास बसलो होतो. नाही पुसत.

अँप्लिफायर माळ्यावर आहे, चालू आहे. ज्याला पाहिजे त्याने घेऊन जा, पैसे नकोत. माईकची वायर तेवढी नवी टाकावी लागेल, उंदरांनी खाल्लीय.