नमुना फाइलमधली खरी की

मंगळवार, रात्र

दुपारी एक पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) बघताना थबकले. बदल एका ओळीचा. 'डॉट एन्व्ह एक्झाम्पल' या सेटिंगच्या नमुना फाइलमध्ये ईमेल सेवेच्या एपीआय कीचं, म्हणजे ती सेवा वापरायच्या गुप्त किल्लीचं, नाव वाढवलं होतं, आणि बरोबरच्या चिन्हापुढे खरीखुरी, चालती की. खऱ्या की ठेवायची आमची 'डॉट एन्व्ह' फाइल गिट-इग्नोरमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटने ज्या फाइल घ्यायच्या नाहीत त्यांच्या यादीत) पहिल्या दिवसापासून आहे, त्या भरवशावर सगळे निर्धास्त होते. पण नमुना फाइल आपण मुद्दामच कमिट करतो, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदवतो. तिथे इग्नोर कसली राखण करणार?

ज्याच्या हातून झालं त्याला लगेच फोन लावला. बिचारा घाबरला. म्हणाला, "ताई, ओळ काढून लगेच पुश करतो." म्हटलं, ओळ राहू दे, आधी की बदलू. ओळ पुसली तरी जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते, गिटचा लॉग चाळणाऱ्याला सापडते. फिल्टर-रेपो हे साधन वापरून इतिहास धुता येतो, पण ज्यांनी आधीच क्लोन केलंय त्यांच्या मशिनवरची प्रत कोण धुणार? दोघांनी मिळून नवी की काढली, सर्व्हरवर घातली, एक ईमेल जातोय ना ते पाहिलं आणि जुनी रद्द केली. मधल्या वेळात ती आणखी कुणी वापरली नाही ना, हेही तपासलं.

मग ती फाइलच वरपासून वाचायला घेतली. खरं तर हे मी कधीच करायला हवं होतं. टोकनवर (लॉग-इन केलेल्याची ओळख पटवणाऱ्या मजकुरावर) सही करणाऱ्या सीक्रेटपुढे कुणीतरी 'चेंजमी' लिहून ठेवलं होतं. मला याची भीती चुकून आलेल्या कीपेक्षा जास्त वाटते. नमुना तसाच्या तसा कॉपी करून कुणी सर्व्हर उभा केला, तर ॲप विनातक्रार चालू होतं. आणि तो शब्द माहीत असलेला कुणीही स्वतःच्या नावाने ॲडमिनचं टोकन बनवू शकतो. आता तिथे जागा रिकामी आहे, वर कॉमेंटमध्ये रँडम सीक्रेट बनवणारी 'ओपनएसएसएल रँड -हेक्स 32' ही कमांड. त्यातून 64 अक्षरं मिळतात, प्रत्येकाने आपली बनवायची. ॲप सुरू होतानाच सगळी व्हेरिएबल तपासतं आणि एखादं रिकामं असेल तर त्याचं नाव सांगून थांबतं. नाव सांगायचं, त्यातली किंमत (व्हॅल्यू) कधीच छापायची नाही. लॉग कुठे कुठे जातात याचा पत्ता नसतो.

फ्रंटएंडच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भागाच्या, नमुन्यात 'व्हीट' (फ्रंटएंड बिल्ड करायचं साधन) या उपसर्गाची नावं होती. ती किंमत बिल्डमध्ये शिरून थेट ब्राउझरपर्यंत जाते, म्हणून तिथे गुपित ठेवायचंच नाही, असं ठळक लिहिलं.

'ट्वेल्व्ह-फॅक्टर ॲप' या ॲप बांधण्याच्या नियमावलीतली कसोटी आज दिवसभर डोक्यात होती: तुमचा कोड या क्षणी सगळ्यांसाठी खुला केला, तर एखादं क्रेडेन्शियल उघडं पडेल का? सकाळी कुणी विचारलं असतं तर मी 'नाही' म्हणाले असते, तेही खात्रीने.

प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत) गिटलीक्स हे कोडमधली गुपितं शोधणारं साधन लावलं. हुक वगळून कमिट करता येतं, त्यामुळे तीच तपासणी सीआयमध्येही (पुश झाल्यावर सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासण्यांमध्येही) घातली.

साडेसहाला त्याची दुरुस्त पुल रिक्वेस्ट आली. बरोबरच्या चिन्हापुढे काही नाही. वर कॉमेंट: ही की कशासाठी लागते आणि कुणाकडे मागायची. मी न सांगता त्याने ती लिहिली होती. मर्ज केली.